आयत्या वेळची कोंबडी

"सहकार हा या मातीचा श्वास आहे. ज्याला लहानपणी चार जणांत मिळून एक काम करता आलं, त्याला मोठेपणी अशक्य असं काही उरत नाही."

एवढं मी उभा राहून, उजवा हात वर करून म्हणालो. हात खाली येईपर्यंत समोरच्या नऊ मुलांपैकी दोघांनी एकमेकांचे केस धरले होते, तिसऱ्याने चौथ्याच्या चपलेत तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि सहा वर्षांची एक मुलगी मला विचारत होती की गोष्टीत कोंबडी आहे का.

"अजून गोष्टच नाही," मी म्हणालो.

"मग झाली की घाला," ती म्हणाली आणि बसली. तिचं नाव मोहिनी होतं, पण कॉलनीत तिला सगळे बारकी म्हणत.

याला आता वीस वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्टीला टेकलो होतो आणि वर्तमानपत्रातलं माझं विनोदी सदर नुकतंच बंद झालं होतं. संपादकांच्या मते मी निवृत्त झालो होतो, माझ्या मते वाचक. तीस वर्षं दर सोमवारी मी जगाची टिंगल केली, आणि त्यातली निम्मी सहकारी साखर कारखान्यांची. नुसत्या वजनकाट्यावर माझे अकरा लेख आहेत. उसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन रस्त्यात होतं त्यापेक्षा कमी भरतं, हा शेतकऱ्याचा जुना संशय. त्या संशयावर माझं घर चाललं, मुलीचं लग्न झालं.

आणि आता मी नदीकाठच्या अशाच एका कारखान्याच्या कॉलनीत, भर मे महिन्यात, पंख्याखाली उभा होतो. गाळप संपलेलं, चिमणी थंड. मळीचा वास तेवढा ड्यूटीवर होता.

मला तिथे बोलावलं होतं माझ्या धाकट्या बहिणीने, कुमुदने. ती कारखान्याच्या बालवाडीत बाई होती. गेस्ट हाऊसच्या मागे एक खोली होती, तिथे पूर्वी खताची रिकामी पोती टाकत. त्याच्या आठ वर्षं आधी कुमुदने ती पोती स्वतः बाहेर ओढली, भिंतींना चुना दिला आणि तिथे मुलांचं वाचनालय केलं. पुस्तकं घरोघर मागून आणली. फाटक्या पुस्तकाचं पहिलं पान नसलं तर चाले, मधली चार नसली तरी चाले. शेवटचं पान नसेल तर मात्र ते पुस्तक ती मुलांच्या हाती देत नसे. तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन दुसरी प्रत शोधायची, शेवटचं पान हाताने उतरून आणायची आणि खळीने चिकटवायची. त्या नादावर मी एक लेखही लिहिला होता. तिने तो वाचून घडी घालून ठेवला.

तर त्या खोलीवर आता संचालक मंडळाचा डोळा होता. गेस्ट हाऊसला आणखी एक सूट हवा होता. चेअरमन आबासाहेबांनी कुमुदला बोलावून सांगितलं की, बाई, मुलं येतात, पुस्तक घेतात, निघून जातात, तेवढ्याला ऑफिसातलं एक कपाट पुरे. तरी शनिवारी मी स्वतः येतो. मुलं एकत्र बसून काही करतायत असं दिसलं तर खोली राहील.

"तू आयुष्यभर लोकांना नावं ठेवलीस, अण्णा," कुमुद फोनवर म्हणाली. "एक आठवडा माझ्या मुलांपाशी बस. त्यांना मिळून एक गोष्ट करू दे."

"मी बसून काय करू?"

"काही नको करूस. नुसता बस."

नुसतं बसणं मला कमीपणाचं वाटलं. मी एक पद्धत तयार करून नेली. मुलांनी गोलात बसायचं आणि प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं. पुढच्याने तिथूनच पुढे न्यायचं. शनिवारपर्यंत एक झकास गोष्ट तयार. कागदावर ही पद्धत फार सुंदर दिसत होती. माझ्या बऱ्याच गोष्टी कागदावर सुंदर दिसतात.

पहिली पाळी इंद्रजितची. अकरा वर्षांचा, भांग चापून पाडलेला, वडील वर्कशॉपमध्ये फोरमन. तो म्हणाला, एक राजा होता.

शेजारी वृषाली. तीही अकराची, दोन वेण्या, वडील शेतकी खात्यात. ती म्हणाली, तो मेला.

तिसरा म्हणाला, त्याचा मुलगा गादीवर बसला. चौथी म्हणाली, तोही मेला. पाच मिनिटांत एका घराण्याच्या चार पिढ्या संपल्या तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, वृषाली, एखाद्याला तरी जगू दे.

"छत्रीवाल्यांचा राजा आहे," ती म्हणाली. "जगून काय करणाराय?"

मग मला कळलं. फेब्रुवारीत कारखान्याची निवडणूक झाली होती. इंद्रजितचे वडील छत्री पॅनलचे, वृषालीचे कपबशीचे. निवडणूक झाली, छत्रीवाले निवडून आले. मोठे लोक पुन्हा एकमेकांच्या घरी जेवायला लागले, पण मुलांना कुणी ते कळवलं नव्हतं. नऊपैकी चार छत्री होती, चार कपबशी. बारकीचे वडील बदलून नवीन आले होते, त्यामुळे ती अजून कुठलीच भांडीकुंडी नव्हती.

पाळी तिच्यापर्यंत आली. ती उभी राहिली, दोन्ही हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "मग एक कोंबडी आली, आणि ती म्हणाली..."

"कुठल्या भाषेत म्हणाली?" मी विचारलं.

मुलं खो खो हसली. छत्रीही हसली, कपबशीही. मला बरं वाटलं, याच आवाजावर मी तीस वर्षं जगलो होतो. बारकी बसून गेली. कुमुद कपाटाशी एक पान चिकटवत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत अंगठ्याने पान दाबत राहिली.

मंगळवारी सकाळी मी मुलांना समजावून सांगायचं ठरवलं. माझी समजूत अशी की मुलांना त्यांच्या ओळखीचं उदाहरण द्यावं. मी विचारलं, कारखाना कुणाचा? आबासाहेबांचा, मुलं म्हणाली. म्हटलं, नाही, सगळ्या सभासदांचा. गोष्टही तशीच, एकट्याची नसते. सगळ्यांनी मिळून चालवायची. अगदी कारखान्यासारखी.

ही माझी चूक. दुसऱ्या कुठल्याही गावात ही चूक ठरली नसती.

मी जेवायला गेलो, जरा आडवा झालो, आणि तीनच्या भोंग्याला उठून परत आलो तर गोष्ट अगदी कारखान्यासारखी चालली होती. बाक आडवा लावून व्यासपीठ केलं होतं. त्यावर खिडकीचा पडदा अंथरला होता. मधोमध इंद्रजित बसला होता आणि त्याच्या बाजूला हर्षद नावाचा चष्मेवाला मुलगा शंभर पानी वहीत काही लिहीत होता. वहीवर सुबक अक्षरात होतं: गोष्ट सहकारी संस्था मर्यादित, प्रोसिडिंग बुक.

निवडणूक होऊन गेली होती. पाच विरुद्ध चार. बारकीचं मत निर्णायक होतं. इंद्रजितने तिला कोंबडीचं आश्वासन दिलं होतं.

"तुम्हाला तज्ज्ञ संचालक म्हणून घेतलंय, आजोबा," इंद्रजित म्हणाला.

"बरं झालं. मग माझं मत असं आहे की..."

"तज्ज्ञ संचालकाला मत नसतंय. फक्त चहा असतो."

पुढचे दोन दिवस मी ती वही रोज संध्याकाळी वाचायचो आणि रोज माझं डोकं फिरायचं. गोष्टीतलं प्रत्येक वाक्य ठराव म्हणून मांडलं जात होतं. त्याला एक सूचक लागायचा, एक अनुमोदक लागायचा, मग मतदान. ठराव क्रमांक एक, एक जंगल होते. सर्वानुमते मंजूर. ठराव क्रमांक दोन, त्या जंगलात एक वाघ होता. इथे वृषालीने उभं राहून हरकत घेतली की वाघ सत्ताधारी गटाचा आहे, आम्हाला सिंह पाहिजे. मतदान झालं, वाघ निवडून आला, आणि कपबशीच्या चौघांनी सभात्याग करून व्हरांड्यात समांतर सभा घेतली. तिथे त्यांनी त्याच जंगलात सिंह मंजूर केला.

हे सगळं ती मुलं कुठे शिकली हे विचारायची गरज नव्हती. दर सप्टेंबरला कारखान्याच्या मांडवात वार्षिक सभा भरायची, आणि मुलं पेढ्याच्या आशेने पुढे सतरंजीवर बसायची. पेढा मिळेपर्यंत जे कानावर पडेल ते ती घेऊन येत.

बारकी रोज कोंबडीचं विचारायची. इंद्रजित तिला रोज सांगायचा की कोंबडी आयत्या वेळच्या विषयांत घेतली आहे. सभेच्या पत्रिकेवरचा हा शेवटचा विषय. त्याची पाळी येते तेव्हा लोक जेवायला उठलेले असतात. तिने व्हरांड्यात जाऊन वृषालीला विचारलं. वृषालीनेही आयत्या वेळचंच सांगितलं. आठवड्यात दोन्ही गटांचं पहिल्यांदा एकमत झालं ते यावर.

मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावली, एकदा खडू भिंतीवर फेकला. खडू फेकल्याची वहीत नोंद झाली.

गुरुवारी संध्याकाळी चार दिवसांची कमाई अशी होती: एक जंगल, आणि त्यात कोण राहतं हे ठरवण्यासाठी उपसमिती.

कुमुद चहा घेऊन आली. मी तिला वहीतले उतारे वाचून दाखवायला लागलो. म्हटलं, माझं सदर बंद झालं नसतं तर यावर सहा सोमवार निघाले असते. ती हसली नाही. म्हणाली, शनिवार परवा आहे. पुस्तकं ऑफिसच्या कपाटात गेली की कुलूप लागणार, किल्ली सुपरिटेंडंटकडे. मुलं किल्ली मागायला ऑफिसात जातील का?

"ही मुलं?" मी म्हणालो. "ही किल्लीचा ठराव करतील आणि सुपरिटेंडंटला निलंबित करतील."

"तू हसवतोस रे छान," ती म्हणाली. "पण तू हसवलंस ना, की सगळं तिथेच थांबतं."

मी ती स्तुती समजून चहा प्यायलो.

शुक्रवारी सकाळी अविश्वास ठराव आला. बारकी उठून कपबशीकडे गेली, इंद्रजित पाच विरुद्ध चारने पडला आणि वृषाली खुर्चीवर बसली. बसल्याबसल्या तिने सिंह मंजूर केला. बारकीने कोंबडीचं विचारलं. वृषाली म्हणाली, आधी सिंहाचं बघू. बारकी उठली आणि खोलीच्या मधोमध जाऊन बसली, कुणाकडेच नाही. चारला चार. आता एक वाक्यही पुढे सरकेना. हर्षदने चष्मा नाकावर वर ढकलला आणि सांगितलं की कारभार ठप्प झाला की प्रशासक नेमतात, आणि तो कुठल्याच गटाचा नसावा लागतो.

सगळ्यांनी बारकीकडे बघितलं.

तिला खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. हर्षदने विचारलं, काय आदेश लिहू?

"कोंबडी," प्रशासक म्हणाल्या.

मी कुमुदला बाजूला घेतलं. तिला सांगितलं की हा प्रकार माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, तू आबासाहेबांना निरोप दे की मुलं आजारी पडली आहेत. म्हटलं, गालफुगी सांग. गालफुगीवर कुणी शंका घेत नाही. आठवडाभरात पहिल्यांदाच कुमुद मुलांमध्ये येऊन जमिनीवर मांडी घालून बसली, हर्षदच्या हातातली वही घेतली आणि मिटून स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

म्हणाली, आता मत नाही, ठराव नाही. एकाने वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी हूं म्हणायचं. हूं आला की पुढच्याने पुढे न्यायचं. हूं आला नाही तर थांबायचं.

"हूं म्हणजे मंजूर?" हर्षदने विचारलं.

"नाही. हूं म्हणजे ऐकलं, आता पुढचं सांग."

"आणि आवडलं नसलं तर?" हे वृषालीचं.

"तरी हूं. तुझी पाळी आली की तू वळव."

मी मागून म्हणालो, "अगं, हे तर आपली आई शेंगा फोडताना करायची तेच."

"हो," कुमुद म्हणाली. "करायची."

मग तिने मला बाहेर जायला सांगितलं. मी व्हरांड्यात बसून तज्ज्ञ संचालकाचा चहा घेतला. आतून वाक्यं ऐकू येत नव्हती, नुसते हूं येत होते. आधी एखाददुसरा, अंग चोरून. मग तीनचार मिळून. पाचच्या सुमारास ते बैलगाडीच्या चाकासारखे एका लयीत चालायला लागले. मला वाटलं, चला, निदान आवाज तरी एकसारखा येतोय.

शनिवारी सकाळी दहाला आबासाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा, मागे चार संचालक. त्यांना बसायला मुलांचाच बुटका बाक होता. त्यावर ते पाचजण ओळीने बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागायला आले. आबासाहेबांनी मला ओळखलं.

"तुमचं वाचायचो आम्ही," ते म्हणाले. "काट्यावरचं तर दोनदोनदा."

मी नमस्कार केला. चारही संचालकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांनाच ते दोनदोनदा वाचून दाखवावं लागलं होतं.

मुलं गोलात बसली. कुमुद दाराशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. इंद्रजितने सुरुवात केली. एक जंगल होतं, तो म्हणाला. मुलं म्हणाली, हूं. त्या जंगलात एक कोंबडी होती, वृषाली म्हणाली. हूं. इंद्रजितचाही हूं मी स्पष्ट ऐकला. तिला वाटायचं, आपण फार वजनदार आहोत. हूं. पण जंगलातले सगळे तिला म्हणायचे, हट, तुला कसलं वजन.

आबासाहेबांना गंमत वाटली असावी, कारण चौथ्या वाक्याला त्यांनीही मान डोलावून हूं म्हटलं. लगेच चारही संचालकांनी हूं म्हटलं. त्यांची तालीम जुनी होती. मला प्रथमच वाटलं की खोली वाचणार.

मग पाळी बारकीची आली. ती उभी राहिली, हात फ्रॉकला पुसले.

"मग कोंबडी कारखान्यात गेली," ती म्हणाली, "आणि काट्यावर चढली."

मुलांचा हूं आला. बाकावरून आला नाही.

"काटा म्हणाला, वजन काहीच नाही."

मुलांनी बाकाकडे बघितलं, आणि त्यांचाही हूं घशात राहिला. एका संचालकाने खाली मान घालून धोतराची निरी नीट करायला घेतली. दुसरा छताकडे बघू लागला. आबासाहेबांच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू मावळत गेली आणि ते मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय वाटत होतं ते उघड होतं. बारावा लेख.

बारकी उभीच होती. नियम असा होता की हूं नाही तर पुढचं वाक्य नाही, आणि ती नियम पाळणारी होती. ती वाट बघत होती.

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या जिभेवर एक विनोद तयार होता. कोंबडी, काटा आणि समोरचे पाच गुडघे यांना एका वाक्यात बसवणारा. तीस वर्षांत असा विनोद मला चारदोनदाच सुचला असेल. तो माझ्याकडे चालत आला होता, मी त्याला बोलावलं नव्हतं. तो बोललो असतो तर मुलं हसली असती, कदाचित संचालकही, चोरून. आणि आबासाहेब उठले असते.

मी कुमुदकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आबासाहेबांकडेही नाही. तिला खोलीची आठवण राहिली होती की नाही कोण जाणे. ती बारकीकडे बघत होती, तोंड जरासं उघडं, आणि पदर बोटाला गुंडाळायची थांबली होती. पन्नाशी उलटलेली बाई, आणि चेहरा आठ वर्षांचा.

"हूं," मी म्हणालो.

आवाज जरा चमत्कारिक निघाला. सवय नव्हती.

बारकीने मान हलवली, आता झालं अशी. मुलांचा हूं आला. काही वेळाने, खाकरून, आबासाहेबांचा आला, आणि पाठोपाठ चार.

मग कोंबडी काट्यावरून उतरली, हर्षद म्हणाला, आणि जंगलात जाऊन म्हणाली, माझ्याबरोबर चला. सिंह आला, इंद्रजित म्हणाला. त्याने सिंह म्हटलं आणि वृषालीने वळून त्याच्याकडे बघितलं. वाघ पण आला, ती म्हणाली. हूं. हत्ती आला, उंदीर आला, कुणाच्या तरी मामाची म्हैस आली. सगळे काट्यावर चढले. काटा करकरला. काटा म्हणाला, पुरे, पुरे, माझ्याच्याने होत नाही. मग ते एकेक करून उतरले आणि काट्याभोवती गोल उभे राहिले. कोंबडी एकटी वर राहिली.

शेवटचं वाक्य बारकीचं होतं.

"काटा म्हणाला, एक कोंबडी. पूर्ण."

हूं, मुलं म्हणाली.

"संपली," बारकी म्हणाली.

आबासाहेब बाकावर जरा पुढे सरकले. मग त्यांनी बारकीला जवळ बोलावलं आणि विचारलं की आधी काही वजन भरलं नाही, मग नंतर कसं पूर्ण भरलं.

"सगळे बघत उभे होते ना," ती म्हणाली.

मी अकरा लेख लिहिले होते.

"हे तुम्ही शिकवलंत?" आबासाहेबांनी मला विचारलं.

"मी तज्ज्ञ संचालक आहे," मी म्हणालो. "मला मत नाही."

ते उठले. उठायला त्यांना दोघांचा हात लागला. दारापाशी जाऊन ते कुमुदला म्हणाले, "बाई, खोली राहू द्या. सूटचं आम्ही दुसरीकडं बघतो." मग वहाणा करकरवत, स्वतःशीच "एक कोंबडी, पूर्ण" असं पुटपुटत आणि पोट हलवत हसत ते निघून गेले. मागच्या चौघांनी तिथेच, दारात, मंजूर म्हणून टाकलं.

मुलं बाहेर पळाली. छत्री कुठली, कपबशी कुठली हे त्या धुळीत कळत नव्हतं. कुमुद पडदा झटकून खिडकीला परत लावत होती. मी बाक सरळ केला. मला काहीतरी चांगलं ऐकायची अपेक्षा होती. शेवटी हूं मीच आधी म्हटला होता.

"अण्णा," ती पाठमोरीच म्हणाली, "आईची ती कोल्ह्याची गोष्ट आठवते? विहिरीत पडलेल्या."

"आठवते. कोल्हा विहिरीतून हाका मारतो."

"आणि तू विचारलंस, कोल्हा मराठीत हाका मारतो का. आई हसली, बाबा हसले. आईने शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली." तिने पडद्याची कडी अडकवली. "दर वेळी तू काहीतरी विचारायचास. दर वेळी सगळे हसायचे. तो कोल्हा वर आला का रे?"

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही," कुमुद म्हणाली, आणि खळीचं भांडं झाकून कपाटात ठेवलं. त्या कपाटात हाताने उतरलेली शेवटची पानं असलेली दोनशेवर पुस्तकं होती. मी ती पहिल्यांदा नीट बघितली. एक काढून त्याच्या शेवटच्या पानावर, तिच्या अक्षरावरून, अंगठा फिरवला. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात दारातून इंद्रजित आत डोकावला. मागे हर्षद, वही उघडून, पेन घेऊन.

"आजोबा, गाडी धरायच्या आधी तेवढा तुमचा राजीनामा लिहून द्या. फायलीला लावायचाय," तो म्हणाला. "आणि कारण 'प्रकृतीअस्वास्थ्य' घाला. सगळे तेच घालतात."